सेन्सरचा दिवा भर्रकन विझतो? वेळ अशी वाढवा

आमच्या जिन्यात सेन्सरचा एक छोटा गोल दिवा चिकटवलाय, तीन ट्रिपल ए सेलवाला, माणूस आला की लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो तसला. आई रात्री वरून खाली यायला निघाली की दिवा लागायचा आणि ती वळणावर पोचली की बरोब्बर विझायचा, म्हणजे जिथे पायरी तिरकी आहे नेमका तिथेच अंधार. मग ती बिचारी कठडा धरून तिथेच उभी राहून हात हलवायची, दोनतीन सेकंदांनी दिवा परत लागायचा, आणि सकाळी मला ऐकवायची की तुझ्या त्या दिव्यापेक्षा माझा टॉर्च बरा.

मला वाटलं सोप्पंय, वेळ कमी आहे तर वाढवू. वाढवलीही. तरी दिवा विझतच राहिला, कारण खरी भानगड वेगळीच होती आणि ती कळायला माझे दोन रविवार गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून दिवा उघडायच्या आधी काय बघायचं तिथपासून सांगते, सोल्डरिंग नंतर येईलच.

सगळ्यात आधी एक गोष्ट. हे सगळं सेलवर किंवा यूएसबीने चार्ज होणाऱ्या दिव्यांबद्दल आहे. थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा जो दिवा असतो तो उघडू नका. स्वस्तातल्या अशा दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कॅपॅसिटरमधून व्होल्टेज पाडलेलं असतं, त्यामुळे आतला सगळा सर्किट बोर्ड, अगदी तो बारकासा सेन्सरसुद्धा, मेन लाइनला जोडलेलाच समजायचा. मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दिसतात म्हणून हात लावायला जाल आणि झटका २३०चा बसेल. तो दिवा तसाच वापरा नाहीतर सेलवाला घ्या. यूएसबीवाल्यात लिथियमचा सेल असतो, तो आधी बोर्डापासून सुटा करायचा आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत, एकेक करून कापायची आणि लगेच टोकाला टेप. सेल फुगलेला दिसला तर दुरुस्ती वगैरे काही नाही, तो सेल बाद.

आता तपासणी. मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि रात्री, खोली पूर्ण अंधारी करून, दोन वेळा मोजा. नवीन सेल घातल्यावर पहिलं मिनिटभर मोजू नका, पीआयआर सेन्सरला, म्हणजे हालचाल ओळखणाऱ्या भागाला, स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो आणि तोवर दिवा वेड्यासारखा लागतो विझतो. पहिल्या मोजणीत दिवा लागला की बाजूला व्हा, दाराआडून बघा किती सेकंदांनी विझतो. माझा पंचवीस सेकंदांनी विझला. दुसऱ्या मोजणीत दिव्यासमोर दोनेक मीटरवर उभं राहून सतत हात हलवत रहा, आडवे हलवा, दिव्याच्या दिशेने पुढेमागे नाही.

दुसऱ्या वेळी दिवा विझायलाच नको. तुम्ही हलताय, तो बघतोय, मग विझायचं कशाला? पण माझा विझला, परत बरोब्बर पंचविसाव्या सेकंदाला. इथेच मी डोकं वापरलं असतं तर बरं झालं असतं. हात हलवत असताना दिवा चालू राहतो आणि तुम्ही स्थिर झाल्यावरच विझतो असं असेल तर तुमच्या दिव्याची वेळ खरंच कमी आहे आणि ती वाढवायची. पण हात हलवत असतानाही ठरलेल्या सेकंदाला विझतो, दोनतीन सेकंद थांबतो आणि मग लागतो, असं असेल तर वेळ वाढवून फक्त अंधार पुढे ढकलला जाईल. त्याचं औषध वेगळं आहे.

हा सेन्सर बघतो कसा ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आपल्या अंगातून उष्णतेची किरणं निघतात, साधारण ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त. सेन्सरच्या डबीत दोन पट्ट्या शेजारीशेजारी, उलट्या जोडलेल्या असतात. दोन्हींवर सारखी उष्णता पडली तर काहीच होत नाही, एकीवर आधी आणि दुसरीवर नंतर पडली तर सिग्नल येतो. वरची ती पांढरी अर्धगोल टोपी म्हणजे नुसतं झाकण नाही, ती भिंगांची चाळण आहे, खोलीचे बारीक बारीक पट्टे करून सेन्सरवर टाकते. म्हणून आडवं चाललं की पट्ट्यांमागून पट्टे ओलांडले जातात आणि दिवा पटकन लागतो, सरळ त्याच्याकडे चालत गेलं तर आळशासारखा उशिरा लागतो. आणि पुस्तक वाचत बसलात तर त्याच्या लेखी तुम्ही तिथे नाहीच आहात. जिन्यात दिवा अगदी समोरच्या भिंतीवर असेल तर बाजूच्या भिंतीवर लावून बघा, काही जणांचं काम तेवढ्यातच होईल आणि बाकीचं वाचायची गरज नाही.

तर हात हलवताना विझणाऱ्या दिव्याचं बघू. दिव्यावर कुठेतरी एक बारीक भोक किंवा पारदर्शक ठिपका असतो, त्यामागे एलडीआर असतो, म्हणजे उजेड ओळखणारा रेझिस्टर, नागमोडी रेघ असलेली छोटी चकती. काही दिव्यांत त्याच्या जागी पांढऱ्या एलईडीसारखा दिसणारा फोटोट्रान्झिस्टर असतो. याचं काम इतकंच की दिवसा उजेड असताना सेन्सरला सांगायचं, गप्प बस. आता गंमत बघा. रात्री दिवा लागतो, त्याचाच उजेड त्याच्याच एलडीआरवर पडतो, एलडीआरला वाटतं उजाडलं, आणि तो सेन्सरला गप्प करतो. मग तुम्ही समोर नाचलात तरी नवीन हालचाल मोजली जात नाही, आधी सुरू झालेला पंचवीस सेकंदांचा हिशोब संपतो, दिवा विझतो, अंधार होतो, एलडीआर भानावर येतो, आणि मग परत तुमचा हात दिसतो. आई वळणावर हात हलवायची ते याच्यासाठी.

खात्री करायला काही उघडायला लागत नाही. त्या भोकावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा, दोन थर, आणि परत हात हलवून मोजा. आता दिवा विझत नसेल तर चोर सापडला. टेप तशीच ठेवली तर दिवा दिवसाढवळ्या पण लागेल आणि सेल संपतील, म्हणून तो कायमचा उपाय नाही. कायमचा उपाय म्हणजे एलडीआरला गळपट्टा. काळी हीट श्रिंक स्लीव्ह घ्यायची, ५ मिलिमीटरच्या एलडीआरला ६ मिलिमीटरची बसते, साधारण एक सेंटिमीटर कापून एलडीआरवर अशी चढवायची की तोंडापुढे पाचसहा मिलिमीटर नळी उरेल, म्हणजे समोरचा खोलीतला उजेड आत येईल आणि बाजूच्या एलईडीचा येणार नाही. लाइटरची ज्योत लांबून दाखवून हलकेच आवळायची. पाठीमागूनही उजेड शिरतो बरं का, बोर्डाच्या फटीतून, तर एलडीआरच्या मागेही टेपचा एक तुकडा. पांढऱ्या स्ट्रॉची नळी करून बघायची असेल तर खुशाल बघा, मी केलीये, पांढऱ्यातून उजेड आरपार जातो आणि सगळं मुसळ केरात.

आता उघडायचं. सेल काढा. स्क्रू बहुतेक मागच्या स्टिकरखाली किंवा सेलच्या खोबणीत असतात, स्टिकरवर नख फिरवलं की खड्डा लागतो. स्क्रू नसतील तर कडेने लॉक असतात, प्लॅस्टिकचं जुनं कार्ड फटीत घालून फिरवायचं, लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला तर कड तुटते. पांढरी टोपी सुटी होऊन पडते तेव्हा ती कशी बसली होती त्याचा आधी फोटो काढा. तिची खरबरीत बाजू, ज्यावर रेषा असतात, ती आत सेन्सरकडे असते आणि गुळगुळीत बाहेर. सेन्सरच्या डबीवरच्या काळपट खिडकीला बोट लावू नका, लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस हलका फिरवायचा.

आत काय सापडेल ते नशिबावर आहे. पण तीन प्रकार असतात असं धरा. पहिला म्हणजे सोळा पायांची आयसी (काळी चिप), बहुधा बीआयएसएस०००१ किंवा तिचीच नक्कल, वरचं नाव कधीकधी खरवडून टाकलेलं असतं पण सोळा पाय आणि तीन पायांचा सेन्सर दिसला की तीच असायची शक्यता भरपूर. ही मिळाली तर पेढे वाटा, कारण वेळ ठरवणारे भाग बाहेर बोर्डावर असतात. दुसरा प्रकार आठ पायांची किंवा त्याहून छोटी आयसी, जिच्यात वेळ आतच लिहिलेली असते. तिसरा म्हणजे सेन्सरच्याच डबीला तीनाऐवजी जास्त पाय, मोजणी डबीतच होते. दुसऱ्या तिसऱ्यासाठी एकच उपाय चालतो, तो पुढे आहे. आणि हो, बोर्डावर स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे पिवळे नाहीतर निळे बारीक व्हॉल्यूम दिसले तर आधी ते फिरवून बघा! एचसी-एसआर५०१ जातीच्या बोर्डावर दोन असतात, एक अंतराचा आणि एक वेळेचा, वेळेचा फिरवला की काही सेकंदांपासून साधारण पाच मिनिटांपर्यंत जातो. माझ्या ओळखीत एकाने सोल्डरिंग आयर्न गरम करून ठेवल्यावर त्याला तो व्हॉल्यूम दिसला होता.

सोळा पायांच्या आयसीचं घेऊ. आयसीच्या एका टोकाला ठिपका किंवा खाच असते, ठिपक्याजवळचा पाय १ नंबर, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं. ३ आणि ४ नंबरच्या पायांमध्ये एक रेझिस्टर असतो आणि ४ नंबरपासून मायनसला एक कॅपॅसिटर. दिवा किती वेळ लागणार ते हे दोघं ठरवतात, आणि हिशोब असा की २४५७६ गुणिले रेझिस्टर गुणिले कॅपॅसिटर. आकडा विचित्र वाटतो पण अर्थ सोपा आहे, हे दोघं मिळून एक भराभर टिकटिक चालवतात आणि आयसी आत ती टिकटिक मोजत बसते, म्हणून एवढुशा कॅपॅसिटरने मिनिटं निघतात. माझ्या रेझिस्टरवर १०४ लिहिलं होतं, म्हणजे १० पुढे चार शून्यं, १०० के. वेळ पंचवीस सेकंद. उलटा हिशोब केला तर कॅपॅसिटर १० नॅनोफॅरॅडचा निघतो. चपट्या कॅपॅसिटरवर काही लिहिलेलं नसतं त्यामुळे हा उलटा हिशोब कामाला येतो.

वेळ वाढवायला रेझिस्टर बदलता येतो. १०० केच्या जागी ४७० के टाकला, ज्यावर ४७४ लिहिलेलं असतं, तर जवळजवळ दोन मिनिटं होतात. पण तो तांदळाच्या दाण्याहून बारीक भाग काढायचा, जागा साफ करायची, नवा चिमट्याने धरून बसवायचा, त्यात बोर्डाची तांब्याची पट्टी उखडली की रडायची वेळ येते. आणि जुन्याला न काढता त्याच्यावर दुसरा रेझिस्टर बसवला तर वेळ वाढत नाही, उलट कमी होते, कारण समांतर जोडलेले रेझिस्टर घटतात. कॅपॅसिटरचं उलटं आहे, समांतर जोडले की बेरीज होते. म्हणून मी म्हणते रेझिस्टरला हातच लावू नका, आहे त्या कॅपॅसिटरच्या पाठुंगळी दुसरा बसवा. १० च्या जोडीला ३३ नॅनोफॅरॅडचा बसवला तर ४३ झाले, वेळ १०५ सेकंद, पावणेदोन मिनिटं. २२ चा बसवला तर ७९ सेकंद. ४७ चा बसवला तर १४० सेकंद. फॉर्म्युला नको असेल तर नुसतं प्रमाण बघा, कॅपॅसिटर जितक्या पट तितक्या पट वेळ.

मी पायवाला पॉलिएस्टरचा घेतला, त्यावर ३३३ लिहिलेलं असतं, चपट्यापेक्षा हाताला सापडतो. आधी जुन्या कॅपॅसिटरचं कुठलं टोक मायनसला आहे ते मल्टिमीटरच्या बझरवर बघून घ्या, एक प्रोब सेलच्या मायनस पट्टीला, दुसरा कॅपॅसिटरच्या टोकाला, वाजलं ते मायनस. दुसरं टोक आयसीच्या ४ नंबरच्या पायाशी वाजायला हवं, नाही वाजलं तर तुम्ही भलत्याच कॅपॅसिटरवर आहात. मग नव्या कॅपॅसिटरचे पाय पाचसहा मिलिमीटर ठेवून कापायचे, दोन्हींना आधी थोडं कथील चढवून घ्यायचं, जुन्याच्या दोन्ही टोकांना फ्लक्सचा (कथील नीट धरावं म्हणून लावायच्या पेस्टचा) ठिपका लावायचा, आणि चिमट्याने धरून एका टोकाला आयर्न टेकवायचं, एक दोन सेकंद, कथील चकाकून एकजीव झालं की उचलायचं. थंड होऊ द्या, मगच दुसरं टोक. लगेच दुसरीकडे आयर्न लावलं तर जुना बारका कॅपॅसिटर दोन्हीकडून सुटून आयर्नला चिकटून येतो आणि मग तो टेबलावर शोधायचा, माझा तर चटईत गेला होता. या कॅपॅसिटरला प्लस मायनस नसतं, कसाही जोडा. शेवटी पाय दुमडून तो आडवा करा आणि झाकण लागतंय ना ते बघा.

सोळा पायांच्या आयसीत आणखी एक गोष्ट बघण्यासारखी, १ नंबरचा पाय. तो प्लसला असेल तर प्रत्येक हालचालीला वेळ पहिल्यापासून मोजली जाते, मायनसला असेल तर एकदा लागला की ठरलेल्या वेळेने विझणार म्हणजे विझणार. एलडीआरवर टेप लावूनही हात हलवताना दिवा विझत असेल तर हा पाय तपासा. सेल काढलेलेच असू द्या, बझरवर १ आणि ७ वाजले तर मायनसला, १ आणि ११ वाजले तर प्लसला. मायनसला असेल तर आयर्नने गरम करत सुईने तो पाय हलकेच वर उचलायचा आणि बारीक वायरने ११ ला जोडायचा. पाय एकदाच वाकतो असं समजा, दुसऱ्यांदा तुटतो. हे जमलं तर बऱ्याचदा वेळ वाढवायची गरजच राहत नाही, तीस सेकंदपण पुरतात, कारण मोजणी शेवटच्या हालचालीपासून चालते.

आता ज्यांच्या दिव्यात आठ पायांची आयसी किंवा जास्त पायांचा सेन्सर निघाला त्यांचं. आयसीला हात लावायचा नाही, ती वीस सेकंद म्हणते तर म्हणू दे, तिच्या पुढे एक छोटी टाकी बसवायची जी तिने हो म्हटलं की भरते आणि मग सावकाश रिकामी होते. आयसीतून निघालेला सिग्नल एका रेझिस्टरमधून, बहुतेक १०२ म्हणजे १ के, तीन पायांच्या एका बारक्या ट्रान्झिस्टरला जातो आणि तो एलईडी चालू करतो. त्यावर बऱ्याचदा जे३वाय लिहिलेलं असतं, तो एस८०५० आहे. हा चालू राहायला सतत करंट मागतो, त्यामुळे टाकी लगेच रिकामी होईल. त्याच्या जागी एओ३४०० मॉसफेट टाका, हाही ट्रान्झिस्टरच पण करंटऐवजी व्होल्टेजवर चालू होणारा, त्याच मापाचा असतो, आणि नशिबाने पायही जुळतात, बेसच्या जागी गेट, एमिटरच्या जागी सोर्स, कलेक्टरच्या जागी ड्रेन, जसाच्या तसा बसतो. मॉसफेटच्या गेटला जवळजवळ काहीच करंट लागत नाही.

मग तो १०२ काढून त्याच्या दोन जागांमध्ये १ केचा पायवाला रेझिस्टर आणि १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) असे एकामागोमाग जोडा, डायोडची काळी रेघ गेटकडे. गेटपासून मायनसला १० मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कॅपॅसिटर आणि त्याच्याच जोडीला १० मेगओहमचा रेझिस्टर. बस. आयसीचं आउटपुट ३.३ व्होल्टचं धरलं तर डायोडनंतर गेटवर २.७ च्या आसपास राहतात, आणि मॉसफेट साधारण १.१ ला बंद होतो, तेवढं उतरायला नव्वदेक सेकंद लागतात, म्हणजे आयसीचे वीस आणि हे दीड मिनिट. थोडंफार मागेपुढे होईल, मॉसफेट सगळे सारखे नसतात. वेळ कमी हवी तर १० मेगच्या ऐवजी ४.७ मेग.

डायोड शॉटकी जातीचा घेऊ नका, कुणीतरी सांगेल की त्यात व्होल्टेज कमी पडतं म्हणून तो चांगला. तो उलट्या बाजूने गळतो, आणि इथे आपला सगळा खेळ पाव मायक्रोअँपिअरचा आहे, टाकी गळूनच रिकामी होईल. फ्लक्सचं पण तेच. मी जोडणी केली, मोजलं तर एकूण चाळीस सेकंदच येत होते, रेझिस्टर बदलला, कॅपॅसिटर बदलला, फरक नाही. शेवटी जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोर्ड घासला, वाळू दिला, आणि वेळ एकशे पाचवर गेली. चिकट फ्लक्स आणि बोटाचा घाम, दुसरं काही नव्हतं.

या पद्धतीत दिवा खटकन विझत नाही, शेवटच्या काही सेकंदांत मंद होत जातो. मला ते फारच आवडलं, अंधार होणारे याची आधी सूचना मिळते. पण एक लक्षात ठेवा, एलडीआर उघडा असेल तर इथे त्रास दुप्पट, कारण दिवा टाकीवर चालू आहे, एलडीआर आंधळा आहे, आयसीला काही दिसत नाही, आणि दिवा पूर्ण मंद होईपर्यंत ती काही करू शकत नाही. म्हणून गळपट्टा इथे हवाच.

सेलचं गणित करून मगच वेळ ठरवा. माझा दिवा चालू असताना ६० मिलिअँपिअर घेतो. रात्री दहा वेळा लागला धरलं तर पंचवीस सेकंदांच्या हिशोबाने रोज सव्वाचार मिलिअँपिअर तास जातात, १०५ च्या हिशोबाने साडेसतरा. शिवाय सेन्सर नुसता जागा राहायला काहीतरी खातो, माझा ०.१ मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाचे २.४. चांगला अल्कलाइन ट्रिपल ए साधारण १००० चा धरला तर आधी पाच महिने चालणारे सेल आता पन्नास दिवसांत संपणार. म्हणून मी एलईडीचा रेझिस्टर पण बदलला. त्यावर २२० लिहिलं होतं, आणि इथे बरेच जण फसतात, २२० म्हणजे २२० ओहम नाही, २२ पुढे शून्य शून्यं, म्हणजे २२ ओहम. तिथे ४७ ओहमचा टाकला, ज्यावर ४७० असतं, करंट जवळपास निम्मा झाला आणि सेल तीन महिन्यांवर आले. उजेड निम्मा झाला असं डोळ्याला वाटतही नाही, रात्रीच्या अंधारात तर उलट आधीचा डोळ्यात घुसायचा. पाच मिनिटांची वेळ लावायचा मोह होईल, नका लावू, कुणी खोलीतून गेल्यावर दिवा रिकाम्या भिंतींना उजेड दाखवत बसतो.

सगळं बसवल्यावर दिवा विझतो आणि कुणी नसताना लगेच परत लागतो, असं रात्रभर चालू राहिलं तर भुताटकी नाही. एलईडी बंद होताना सेलचं व्होल्टेज किंचित उसळी घेतं आणि सेन्सरचा अँप्लिफायर तेवढ्याला हालचाल समजतो, सेल जुने असले की जास्तच. आधी सेल नवे घालून बघा, तरी होत असेल तर बोर्डाच्या प्लस मायनसवर १०० मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर लावा, याला मात्र प्लस मायनस असतं, पांढरी पट्टी मायनसला. आणि उलटं झालं, म्हणजे दिवा आधी चार मीटरवरून लागायचा आणि आता नाकासमोर हात नेल्यावर लागतो, तर पांढरी टोपी उलटी बसलीये, किंवा सेन्सरची डबी वाकडी होऊन टोपीच्या मधोमध राहिली नाहीये.

झाकण पूर्ण लावायच्या आधी एकदा अंधारात दोन्ही मोजण्या परत करा, हात हलवत तीन मिनिटं आणि मग दाराआडून. जिन्यातला दिवा मी तसाच तपासून लावला, समोरच्या भिंतीवरून काढून वळणाच्या बाजूच्या भिंतीवर. आईला काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, काल रात्री तो दिवा बंदच होत नव्हता, बिघडलाय का गं?